पोटानं घेतलेलं नाव

शौचाला जाऊन आलं की सोवळं मोडतं. पुन्हा डोक्यावरून अंघोळ, पुन्हा दांडीवरचं दुसरं पातळ काठीनं खाली ओढून नेसायचं, आणि ओल्या केसांनी परत चुलीपुढे उभं राहायचं. एखाद्या दिवशी एकदा झालं तर कोणाचं काही जात नाही. मला उत्सवाच्या दिवशी तीन-तीन, चार-चार वेळा हे करावं लागायचं. वाईच्या घाटांवर माझी ओळखच मुळी ओल्या केसांच्या भिडेवहिनी अशी झाली होती. लोकांना वाटायचं, काय ही कडक सोवळ्याची बाई! कडक कसली डोंबलाची. पोट धरून पळत होते मी.

मी वृंदा भिडे. मी आणि माझी धाकटी जाऊ हर्षदा, आम्ही दोघी नैवेद्याचा स्वयंपाक करून द्यायचो. घाटांवरचे उत्सव, वास्तुशांती, मुंजी, कुलधर्म. पन्नास पानांपासून अडीचशे पानांपर्यंत. माझे यजमान लवकर गेले. त्यानंतर ह्या कामात मला ओढून आणलं ते हर्षदानंच. तिचा नवरा अनिरुद्ध, म्हणजे माझा दीर, व्हॅन चालवायचा, भांडी उचलायचा आणि जेमतेम बोलायचा. खालच्या मजल्यावर मी, वरच्या मजल्यावर ते दोघं, चहा मात्र एकाच पातेल्यातला. मला सख्खी बहीण नाही. हर्षदा आल्यापासून ती नसल्याचं कधी जाणवलं नाही, हे मी तिला एकदाही बोलून दाखवलं नाही, कारण आमच्यात असलं काही बोलत नाहीत.

आता सगळ्या गोष्टींना यंत्रं आली आहेत. पुरण वाटतं यंत्र, नारळ खवतं यंत्र, शहरात तर ताटंसुद्धा वरून उडत येतात म्हणे. पण देवाला दाखवायचा नैवेद्य लोकांना अजून माणसाच्या हातचाच लागतो, आणि तो सोवळ्यातला लागतो. त्यात एक नियम असा, की देवाच्या आधी कोणी चाखायचं नाही. वासावर, रंगावर, डावावरून पडणाऱ्या धारेवर सगळं ओळखायचं. आम्हांला त्याचं विशेष वाटायचं नाही. जन्मापासून तेच बघितलेलं.

माझं पोट कॉलेजात असल्यापासून असं. कधी तीन दिवस काही नाही, कधी दिवसभर पळापळ. पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, कळ यायची, जाऊन आलं की जरा उतरायची, की पुन्हा सुरू. दुर्बिणी घालून झाल्या, रक्त तपासून झालं. प्रत्येक डॉक्टर हसतमुखानं सांगायचा, काही नाही हो, सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका. असा राग यायचा! काही नाही, तर मग हे आतून पिळतंय कोण?

शेवटी हर्षदानंच मला साताऱ्याला डॉक्टर निलोफर मुजावर यांच्याकडे नेलं. त्यांनी घाई केली नाही. रक्त पडतं का, वजन उतरलंय का, दुखण्यानं झोपेतून उठवतं का, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग होता का, असं एकेक विचारलं, त्यातलं काही नाही याची खात्री केली, आणि मग सांगितलं की हा आयबीएस आहे. आतड्याला स्वतःचं असं मज्जातंतूंचं जाळं असतं, त्या म्हणाल्या. पाठीच्या कण्यात असतात जवळजवळ तितक्या पेशी त्या जाळ्यात असतात. ते सतत मेंदूशी बोलतं आणि मेंदू त्याच्याशी. माझ्या आतड्याला जखम नव्हती, गाठ नव्हती, म्हणून दुर्बिणीत काही दिसत नव्हतं. बिघडलं होतं ते हे आपसातलं बोलणं. बाकीच्यांना ज्या वायूचा पत्ताही लागत नाही, तो मला सुरीसारखा बोचायचा. म्हणजे दुखणं खरं होतं. असं पहिल्यांदाच कोणीतरी म्हणालं, आणि मी त्यांच्यासमोर घळाघळा रडले. हर्षदानं पदर पुढे केला, माझा नाही, स्वतःचा.

मग पथ्य सुरू झालं. कांदा, लसूण, गहू, दूध, डाळी काही आठवडे बंद, मग एकेक करून परत घ्यायचं आणि पोट काय म्हणतं ते बघायचं. इसबगोल, चालणं, वेळच्या वेळी जेवण. घरी असताना बराच फरक पडला. कामाच्या दिवशी मात्र ये रे माझ्या मागल्या. डॉक्टर चक्रावल्या. नैवेद्यात कांदा-लसूण नसतोच, आणि पंगत उठेपर्यंत आम्ही दोघी तर उपाशीच असायचो. पोटात काही गेलेलंच नाही, मग पोट बिघडतं कशानं?

त्याच सुमाराला कानगोळी आली. खोक्यावर तिचं लांबलचक सरकारी नाव होतं, ते कोणी वाचलं नाही. शेंगदाण्याएवढी गोळी, गिळायची. ती मोठ्या आतड्यात जाऊन बारीक आकड्यांनी भिंतीला चिकटते, पाच-सहा आठवडे तिथं बसून त्या जाळ्याचे विजेचे ठोके ऐकते आणि मग आपोआप सुटून पडून जाते. मनगटावर एक पट्टा बांधायचा. आपण काय खाल्लं, कुठं होतो, जवळ कोण होतं, कोणाचा आवाज कानावर पडला, ते पट्टा टिपतो. आतडं आवळायच्या आधी दरवेळी बाहेर काय घडत होतं, ते दोन्हीकडचं ताडून शेवटी एक क्रमवारी निघते. पहिल्या नंबरला सगळ्यात मोठं कारण, मग दुसरं, तिसरं.

आवाज ओळखायचे तर घरच्यांचे नमुने द्यावे लागत, त्यांच्या संमतीनं. आणि कायदा असा, की ज्याचं नाव क्रमवारीत येईल त्यालाही त्या पानाची प्रत जाणार. हर्षदानं हसत हसत नमुना दिला. वहिनींचं पोट बरं होणार असेल तर आवाजच काय, गळाच काढून घ्या, असं ती तिथल्या मुलीला म्हणाली.

मी घेतली तोपर्यंत कानगोळी सगळीकडे झाली होती आणि माणसं वेड्यासारखी वागायला लागली होती. डॉक्टरांनी काढली ती पोटासाठी, लोकांनी वापरली भांडणासाठी. आमच्या आळीतल्या एका सुनेनं सासूचा नंबर नातेवाइकांच्या गटावर जाहीर केला. एका बँकेतल्या चार जणांच्या यादीत एकच साहेब पहिला निघाला, त्याची बदली झाली. घटस्फोटाच्या खटल्यात वकील क्रमवाऱ्या जोडायला लागले. लग्न ठरवताना मुलाकडचे विचारायचे, मुलीच्या यादीत आई कितवी आहे? आणि एक गृहस्थ तर बायकोच्या यादीत आपलं नावच नाही म्हणून रुसून बसले होते. भेटलं की आधी प्रकृतीची चौकशी करतात ना, तसं लोक चेष्टेनं विचारायचे, काय, मी कितवा? मी ह्या सगळ्याला हसत होते. माझ्या यादीत काय येणार? हरभऱ्याची डाळ.

डाळ आली, पण दुसऱ्या नंबरला. पहिल्या ओळीत होतं: हर्षदा अनिरुद्ध भिडे, आवाज आणि सान्निध्य.

डॉक्टर मुजावर म्हणाल्या की दोन गोष्टी बरोबर घडणं वेगळं आणि एकीमुळे दुसरी घडणं वेगळं, यंत्राला तो फरक कळत नाही, तेव्हा सावकाश घ्या. तुमच्या दोघींत काही आहे का, असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, छे, काहीच नाही. आणि एसटीत बसल्याबरोबर मी शोधायला लागले. शोधायला बसलं की काय सापडत नाही? तिचा आवाज मोठा. ती माझं बोलणं अर्ध्यात तोडते. गिऱ्हाईक आधी तिच्याशी बोलतं. माझे यजमान गेले त्या दिवशी ती सगळ्यांसाठी पिठलं-भात टाकायला उठली होती, ते तेव्हा मला आधार वाटलं होतं, आता वाटलं, हिला तेव्हासुद्धा स्वयंपाकच सुचला. पाचवड येईपर्यंत माझ्याजवळ हर्षदाविरुद्ध चांगलं गाठोडं जमलं होतं.

घरी पोचले तर ती मागच्या अंगणात नारळ खवत बसली होती. यंत्रापेक्षा तिला विळीच आवडायची. फोन वाजला, तिनं हात पुसून वाचलं. परत वाचलं. मी पायरीवरच उभी होते.

"वहिनी, मी पहिली?"

"असं मशीन म्हणतंय," मी म्हणाले.

उरलेला नारळ तिनं नीट खवला, आणि करवंट्या बाजूला रचून वर निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून हर्षदा बदलली. भांडली असती तर बरं झालं असतं. ती गप्प झाली. स्वयंपाकघरात मांजराच्या पावलांनी वावरायला लागली. डबे आपटेनात, गाणं गुणगुणेना. काही विचारायचं असलं तर अनिरुद्धला खाली पाठवायची, आणि तो बिचारा दारात उभा राहून म्हणायचा, वहिनी, ती विचारतेय की वेलदोडे किती. तिनं तिची चूलसुद्धा दूरच्या भिंतीला नेली, माझ्यापासून लांब. माझ्या पोटासाठी चाललं होतं हे सगळं. मला ते कळत होतं आणि मी चालू दिलं. पोट काही शांत झालं नव्हतं, पण मी स्वतःला सांगत होते की फरक पडतोय. यंत्र खोटं कशाला बोलेल?

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. चाखायचं नसलं की मिठाचं काम मोठं जोखमीचं. कमी पडलं तर एकवेळ चालतं, पानात डावीकडे मीठ वाढलेलंच असतं. जास्त झालं की उपाय नाही. म्हणून आमच्या सासूबाईंची शिस्त होती, मीठ एकाच हाताचं आणि घातलं की मोठ्यानं सांगायचं. तो हात हर्षदाचा. ती मुठीनं अंदाज घ्यायची, घालायची, आणि सगळ्या चुलींना ऐकू जाईल अशी हाक द्यायची, आमटीला मीठ पडलं. मी म्हणायचे, ऐकलं. मग त्या पातेल्याला कोणी हात लावायचा नाही. इतकी साधी रीत.

त्या वर्षीच्या उत्सवात पुरणावरणाचा नैवेद्य होता, दोनशेच्या वर पानं. हर्षदानं कटाच्या आमटीत मीठ घातलं आणि हाक दिली नाही. माझ्याकडे बघून हातानं खूण केली म्हणे. माझी पाठ होती. मी वाट पाहिली, पाहिली. मला वाटलं, बाईसाहेब फुगल्यात, फुगण्याच्या नादात मीठ विसरल्या. मी उठले आणि मीठ घातलं. माझ्या हातानं, भरपूर.

नैवेद्य दाखवला गेला. पानं मांडली, वाढून झालं, श्लोक झाले. पहिल्या पंगतीतल्या एका म्हाताऱ्या गुरुजींनी आमटीभाताचा पहिला घास घेतला आणि हात पानावर तसाच ठेवला. मग पाणी मागितलं. शेजारच्यानंही मागितलं. कोणी एक शब्द बोललं नाही. सगळ्यांनी ताकभात खाल्ला, पुरणपोळी खाल्ली, तुपाचं कौतुक केलं आणि उठले. आमटी तशीच्या तशी परत आली. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं. इतक्या वर्षांत आमच्या पातेल्यात कधी काही उरलं नव्हतं.

व्हॅनमध्ये भांडी चढवताना मी हर्षदाला फाडफाड बोलले. तिनं ऐकून घेतलं. एवढंच म्हणाली, की तुम्हांला त्रास नको म्हणून ओरडले नाही. त्यावर मी जे म्हटलं ते शब्द मला जसेच्या तसे आठवतात.

"तू काही दिवस येऊच नकोस, हर्षदा. माझ्या पोटाला जरा विश्रांती मिळेल."

अनिरुद्धच्या हातातलं पातेलं खाली ठेवलं गेलं. तो माझ्याकडे बघत राहिला, मग बायकोकडे. हर्षदा पुढच्या सीटवर जाऊन बसली. त्याच महिन्यात अनिरुद्धला शिरवळच्या एका कारखान्यात गाडीचं काम मिळालं आणि दोघं तिकडे राहायला गेली. निघताना ती वाकून नमस्कार करून गेली, रीतीप्रमाणे. मी आशीर्वाद दिला, तोही रीतीप्रमाणेच.

काम मी सोडलं नाही. दोन बायका हाताशी घेतल्या. त्या चांगल्या होत्या, आपलं काम करून आपल्या घरी जायच्या. मीठ आता माझ्या हातचं झालं, आणि घातल्यावर हाकही मीच द्यायचे. ऐकलं म्हणायला कोणी नव्हतं. त्या दोघींना ती रीत माहीत नव्हती आणि शिकवायचा मला उत्साह नव्हता. वरचा मजला रिकामा. चहा एका कपाचा. पोट मात्र पहिल्यापेक्षा वाईट. सोवळ्याची तीन पातळं पुरेनात म्हणून चौथं घेतलं. हर्षदा गेली, मग आता कोण?

मी पुन्हा साताऱ्याला गेले, पुन्हा कानगोळी गिळली. डॉक्टरांनी काही आठवड्यांनी, गोळी आत असतानाच, क्रमवारी काढली. मग पडदा माझ्याकडे वळवला. पहिल्या ओळीत होतं: स्वतः, आवाज.

असं त्यांनीही कधी पाहिलं नव्हतं. आतडं आवळायच्या आधीचे काही क्षण पट्टा आवाजासकट जपून ठेवतो. माझी परवानगी घेऊन त्यांनी ते लावले. माझा आवाज आला, भाताला मीठ पडलं. दुसरा तुकडा, भाजीला मीठ पडलं. तिसरा तोच. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी जुन्या गोळीचे तुकडे काढले. हर्षदाचा आवाज खणखणीत आला, आमटीला मीठ पडलं. पुन्हा हर्षदा, वरणाला मीठ पडलं. एकामागून एक, सगळे तेच. त्याच आवाजातलं हसणं, गप्पा, माझी चेष्टा, हे त्यात कुठंच नव्हतं. त्या वेळांना माझं आतडं शांत होतं. यंत्रानं सगळ्याची सरासरी काढली होती आणि आवाजाच्या मालकिणीचं नाव लिहिलं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, हे मीठ पडलं म्हणजे काय? मी सांगितलं. मग सांगितलं की नैवेद्य चाखायचा नसतो. म्हणजे ते मीठ पडल्यापासून पहिल्या माणसाचा पहिला घास गिळला जाईपर्यंत, दोनशे पानांचं जेवण बरोबर आहे की नाही हे कोणालाच माहीत नसतं, असं त्या हळूहळू म्हणाल्या. मी म्हटलं, हो, तसंच असतं.

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

त्यात सांगण्यासारखं काय होतं? पोटाच्या डॉक्टरला मी दात कसे घासते ते सांगितलं नव्हतं, तसंच हेही नव्हतं सांगितलं. आमच्याकडे सगळ्यांकडे असंच करतात. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, भीती मनात उमटायच्या आधी तुमच्या आतड्याला कळते, आणि तुम्हांला सवय झालेली असल्यामुळे मनात ती उमटतच नाही. त्यांनी पोटानं श्वास घ्यायचा सराव शिकवला, मज्जातंतू सैल करणारं अगदी थोड्या मात्रेचं औषध दिलं, आठवड्यातून एकदा एका समुपदेशक बाईंकडे जायला सांगितलं. हे सगळं हळूहळू लागू पडेल, धीर धरा, म्हणाल्या. मला कुठला धीर? मी फक्त एकच ऐकलं होतं. हर्षदा नव्हती. हर्षदा कधीच नव्हती.

तो कागद छापून घेतला आणि सरळ शिरवळची गाडी पकडली. आनंदानं मला रडू येत होतं. वाटेत मी काय काय ठरवलं! वरचा मजला झाडून घ्यायचा, पाडव्यापासून पुन्हा दोघींनी मिळून काम घ्यायचं, हवं तर मी तिची माफीही मागेन.

हर्षदा तिथल्या कारखान्याच्या कँटीनमध्ये मुख्य स्वयंपाकीण झाली होती. पांढरी टोपी, पांढरा कोट. काचेपलीकडून मला ती दिसली, भल्यामोठ्या पातेल्यासमोर उभी. तिनं चमच्यावर आमटी घेतली, फुंकली, तोंडात घातली, जरा विचार केला, चिमूटभर मीठ टाकलं, पुन्हा चाखली. मग मान हलवली आणि बाजूच्या मुलीशी बोलत हसली. मला तिचं ते हसणं बघून बरं वाटलं आणि वाईटही.

तिनं मला बाहेर बाकावर बसवलं, बिनदुधाचा चहा आणला. मी कागद पुढे केला आणि भडाभडा सगळं सांगितलं, मिठाचं, हाकेचं, सरासरीचं. तुझं नाव चुकून आलं होतं गं, मी म्हटलं, तुझा काही दोष नव्हता. तिनं कागद हातात घेतला नाही.

"तुम्हांला काय वाटलं, वहिनी, ती भीती तुमच्या एकटीच्याच पोटात होती?" ती म्हणाली. "मी एवढ्या मोठ्यानं ओरडायचे ते कशाला? पंगत उठेपर्यंत माझे हात गार पडायचे. इथं आले, पहिल्या दिवशी आमटी चाखली आणि रडले."

मला हे माहीत नव्हतं. तिच्या शेजारी उभं राहून माझं सगळं आयुष्य गेलं आणि मला हे माहीत नव्हतं. मी म्हटलं, बरं, ते काम नको तर नको, आपण दुसरं काहीतरी करू, पण तू परत ये. घर खायला उठतं. आता तर सिद्धच झालंय की तुझ्यामुळे मला काही होत नाही.

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मग तिनं त्या घडी घातलेल्या कागदाकडे बोट केलं.

"आणि ह्यात परत माझंच नाव आलं असतं, तर तुम्ही आला असतात?"

खोटं बोलता आलं असतं. तिला ते ओळखता आलं असतं. एसटीत बसलेली मी मला आठवले, तो कागद छातीशी धरून, आनंदानं रडणारी. कागद नसता तर मी कुठं असते?

"नसते आले," मी म्हणाले.

तिनं मान डोलावली. खरं बोललात ते बरं झालं, म्हणाली. आत घंटा झाली, जेवणाची सुटी सुरू झाली. तिनं माझा रिकामा कप उचलला, जपून जा म्हणाली, गाडी कुठे मिळेल ते सांगितलं आणि टोपी नीट करत आत गेली. मी बाकावर बसून राहिले. समोरून माणसांचे लोंढे तिच्या हातचं जेवायला जात होते.

पुढच्या खेपेला डॉक्टर मुजावर खुशीत दिसल्या. औषध लागू पडत होतं, आवळणं कमी झालं होतं. त्यांनी पडद्यावर त्या शिरवळच्या दुपारची रेघ काढली आणि बोटानं दाखवली. मी बाकावर हर्षदासमोर बसले होते तेव्हापासून ती आत जाईपर्यंतची. सरळ होती. एक उंचवटा नाही, एक कंप नाही. दोन्ही गोळ्यांच्या सगळ्या नोंदींत इतकी शांत वेळ दुसरी सापडत नाही, असं त्या म्हणाल्या.

"बघा, तुमच्या जाऊबाईंच्या सहवासाचा तुम्हांला काडीचाही त्रास नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मनात शंका ठेवू नका. बोलावून घ्या त्यांना परत."

मी बरं म्हणाले.